“या दिवसांत दम लागायचाच”

सहावा महिना सरत आलेला असतो. दुसऱ्या मजल्यावर चढताना ती मध्येच थांबते, कठडा धरते, श्वास जुळवते. घरात आल्यावर सासूबाई म्हणतात, “अगं, या दिवसांत दम लागायचाच. आम्हाला काय कमी लागला?” जाऊ तेच सांगते, माहेरी फोन केला तर आईही तेच सांगते, आणि तपासणीच्या गर्दीत दवाखान्यातूनही पुष्कळदा हेच उत्तर मिळतं. यात कुणाच्या मनात वाईट नसतं. बहुतेक जणींच्या बाबतीत हे उत्तर बरोबरच असतं. ज्या थोड्याजणींच्या बाबतीत ते चुकतं, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. त्यांच्या हृदयात जन्मापासून एक दोष असतो, वीस-पंचवीस वर्षं तो कुणाच्या लक्षात आलेला नसतो, आणि दिवस गेल्यावर तो पहिल्यांदा डोकं वर काढतो.

गरोदरपणात हृदयावर किती काम पडतं, याचा अंदाज आपल्याला फारसा नसतो. रक्तातला द्रवभाग चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतो. एरवी शांत बसलेल्या बाईचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. गरोदरपणात ते तीस ते पन्नास टक्के जास्त, म्हणजे सात लिटरच्या आसपास ढकलू लागतं. नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते. दिवस भरत आले की एकट्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं. शिवाय संप्रेरकांमुळे श्वास खोल होतो, वाढतं गर्भाशय पोटातून वर दाबतं, पावलं सुजतात, छातीत धडधडतं. हे सगळं निरोगी बाईलाही होतं. आणि हृदय थकू लागलं तरी नेमकं हेच होतं! त्यात आपल्याकडे रक्त कमी असण्याची भर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. रक्तक्षयानेही दम लागतो, धडधडतं, छातीला नळी लावली तर वेगळा आवाजही ऐकू येतो. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, ते योग्यच असतं. पण गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं आणि दम मात्र तसाच राहिला, तर पुढचा प्रश्न विचारायचा असतो, आणि तोच राहून जातो.

जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. मोठे दोष बहुधा लहानपणीच कळतात: मूल निळं पडतं, दूध ओढताना घामाघूम होतं, वजन धरत नाही. मोठेपणापर्यंत लपून राहणाऱ्यांत सगळ्यांत नेहमी भेटणारा दोष म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं छिद्र. डॉक्टर त्याला एएसडी म्हणतात. हा दोष पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळतो.

गंमत अशी की आईच्या पोटात असताना त्या पडद्याला वाट असावीच लागते. गर्भाची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात, प्राणवायू वारेतून येतो, म्हणून रक्ताला उजवीकडून डावीकडे जायला निसर्गाने तिथे एक झडप ठेवलेली असते. पहिल्या रडण्यासोबत फुप्फुसं फुलतात, डावीकडचा दाब वाढतो आणि झडप मिटते. चारांतल्या एका माणसात ती पुरती चिकटत नाही, पण त्याने सहसा काही बिघडत नाही. एएसडीची गोष्ट वेगळी. तिथे पडद्याचा तुकडाच तयार झालेला नसतो. मग फुप्फुसांतून नुकतंच शुद्ध होऊन डावीकडे आलेलं रक्त पुढे शरीरात जायचं सोडून छिद्रातून उजवीकडे येतं, कारण उजवी बाजू पातळ आणि सैल असते, आणि तिथून पुन्हा फुप्फुसांकडे जातं. रक्ताचा नुसता हेलपाटा. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसांतून शरीराच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त रक्त फिरत राहतं.

उजवी बाजू हे मुकाट्याने सोसते. ती ताणते, मोठी होते, तक्रार करत नाही. म्हणून ही मुलगी शाळेत जाते, शेतात निंदणी करते, दोन हंडे डोक्यावर घेऊन चालते, लग्न होऊन सासरी जाते. मागे वळून विचारलं तर खुणा सापडतात. लहानपणी सारखी सर्दी, छातीत कफ. खो-खोत लवकर बसकण मारणारी. अंगाने किरकोळ. घरच्यांनी तिला “नाजूक” म्हणून टाकलेलं असतं, आणि एकदा हा शब्द चिकटला की कुणी कारण शोधत नाही.

या छिद्राचा आवाजही फसवा असतो. दोन वरच्या कप्प्यांतल्या दाबात फरक थोडाच असतो, त्यामुळे खुद्द छिद्रातून जाणारं रक्त आवाज करतच नाही. ऐकू येते ती फुप्फुसाच्या धमनीच्या झडपेतून जादा रक्त जाताना होणारी हलकी मर्मर, आणि हृदयाचा दुसरा ठोका दुभंगलेला. निरोगी माणसातही तो श्वास घेताना दुभंगतो आणि सोडताना जुळतो. इथे तो जुळत नाही. हे ऐकायला शांत खोली हवी, नळी थेट त्वचेवर हवी, आणि ऐकणाऱ्याकडे एखादं मिनिट हवं.

हे एक मिनिट आपल्याकडे किती दुर्मीळ आहे! स्टेथोस्कोपचा जन्मच मुळी एका तरुण स्त्रीच्या हृदयापाशी झाला. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लायनेक या डॉक्टरापुढे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. तेव्हा छातीला थेट कान लावून ऐकायची पद्धत होती. तिचं वय आणि तिचं स्त्री असणं पाहून त्याला ते प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं, दुसऱ्याला कान लावला, आणि ठोके पूर्वी कधी आले नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले. संकोचातून निघालेलं ते साधन आज आपल्याकडे संकोचापायीच नीट वापरलं जात नाही. साडीच्या पदरावरून, ड्रेसवरून, पाठीवर एकदा-दोनदा टेकवलं की झालं. वजन होतं, बीपी होतं, पोट तपासलं जातं, सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके आई-बाबांना ऐकवले जातात. आईच्या हृदयाचे ठोके मात्र कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. मला ही उणीव फार खुपते, कारण ती भरून काढायला पैसे लागत नाहीत.

तरीही हे दोष गरोदरपणात सापडतात, याचं अर्धं कारण वाढलेला भार आणि अर्धं कारण हे की कित्येकींना आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांसमोर नियमित जावं लागतं ते तेव्हाच. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. शून्य ते अठरा वयाच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष त्यात शोधले जातात. पण तेव्हा ज्या अठराच्या पुढे गेल्या होत्या, त्या आज तिशी ओलांडलेल्या बायका त्या चाळणीतून कधी गेल्याच नाहीत.

छिद्र सापडलं म्हणजे आकाश कोसळलं असं नाही, हेही इथेच सांगायला हवं. नुसता एएसडी असलेल्या बहुसंख्य बायकांचं बाळंतपण नीट पार पडतं. गरोदरपणात शरीराच्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे रक्ताला पुढे शरीरात जाणं सोपं होतं आणि हेलपाट्याचं प्रमाण भाराच्या मानाने फारसं वाढत नाही. धोके असतात ते दोन. ताणलेला कप्पा ताल सोडून धडधडू शकतो. आणि या काळात रक्त लवकर गोठत असल्याने पायातल्या शिरेत तयार झालेली गुठळी, एरवी जी फुप्फुसात अडकली असती, ती छिद्रातून डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकते. म्हणूनच छिद्र आहे हे माहीत असलेले डॉक्टर सलाइनच्या नळीतल्या हवेच्या बुडबुड्यालाही जपतात.

आता थोडं कॅलेंडर पाहू, कारण हृदयाचं कॅलेंडर आणि आपल्या रीतींचं कॅलेंडर विलक्षण जुळतं. भार पहिल्या तीन महिन्यांतच वाढायला लागतो आणि अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला टोकाला पोचतो. म्हणजे सातवा-आठवा महिना. हाच डोहाळजेवणाचा काळ, आणि पहिलटकरणीला माहेरी न्यायचाही. तिला हिरवी साडी नेसवून फुलांनी सजवतात आणि त्यानंतर गाव बदलतं, दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतात. ज्यांनी तिला सहा महिने पाहिलं त्यांच्या लक्षात आलं असतं की ही आता जास्त धापा टाकते, पण ते सासरच्या गावी राहिले. नवे डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघतात, धापा टाकतानाच बघतात, आणि तीच तिची रीत समजतात. फाइल सोबत गेली नाही तर काहीच सोबत जात नाही. माहेरी नेणाऱ्यांनी ओटीच्या नारळाइतकीच ती फाइल आठवणीने घ्यावी.

दुसरा टप्पा कळांचा. प्रत्येक कळेसरशी गर्भाशय आवळतं आणि त्यातलं तीनशे ते पाचशे मिलिलिटर रक्त एकदम आईच्या अभिसरणात येतं, कळ ओसरली की पुन्हा मागे. हे तासन् तास चालतं. तिसरा टप्पा सगळ्यांत फसवा. बाळ रडलं, वार पडली, बाहेर पेढे आणायला माणूस धावला, आणि नेमक्या त्या क्षणी आईच्या हृदयावरचा भार सगळ्या गरोदरपणातला सर्वांत जास्त असतो. रिकामं झालेलं गर्भाशय आवळून आपलं रक्त परत पाठवतं, मोठ्या शिरेवरचा पोटाचा दाब सुटतो, सगळं एकदम हृदयाकडे येतं. पुढचे दोन-तीन दिवस ऊतींमध्ये साठलेलं पाणी रक्तात परत येत राहतं. खोलीतल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं तेव्हा बाळंतिणीकडे कुणीतरी बघत राहायला हवं.

दोष साधा नसला तर काय, हेही टाळता येणार नाही. छिद्र खालच्या कप्प्यांमध्ये असलं किंवा महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्यातली जन्मापूर्वीची वाट मोठी उघडी राहिली असली, तर फुप्फुसांकडे रक्त जास्त तर जातंच, पण जोराच्या दाबाने जातं. वर्षानुवर्षं तो मारा सोसून फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. एक दिवस तिथला दाब शरीराच्या दाबाइतका होतो, मग त्याच्याही वर जातो, आणि रक्त उलट्या दिशेने, न शुद्ध होताच शरीरात जाऊ लागतं. ओठ आणि नखं निळसर होतात, बोटांची टोकं फुगतात. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली असा एक रुग्ण नोंदवला. लंडनच्या पॉल वूड यांनी १९५८ मध्ये या स्थितीला त्यांचं नाव जोडून तिचं कारण उलगडून दाखवलं.

या आजाराची सगळ्यांत क्रूर बाजू मधल्या वर्षांत असते. फुप्फुसांतला दाब वाढू लागला की आधीचा हेलपाटा कमी होतो, मर्मर पुसट होते, वारंवार होणारा खोकला थांबतो. लहानपणी ज्या मुलीच्या “हृदयात आवाज आहे” असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, तिचा आवाज दहा-बारा वर्षांची होता होता जवळजवळ ऐकू येईनासा होतो. घरचे म्हणतात, देवाने ऐकलं, पोर बरी झाली. खरं तर शस्त्रक्रियेची वेळ त्याच काळात हातची निघून गेलेली असते. अशा स्त्रीला दिवस गेले तर सैलावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे आणखी जास्त अशुद्ध रक्त शरीराकडे वळतं. जुन्या नोंदींमध्ये अशा मातांपैकी तीस ते पन्नास टक्के दगावलेल्या आढळतात, आणि बरेचसे मृत्यू बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतले, बारशाच्या आसपासचे. औषधं सुधारली, तरी आजही हृदयतज्ज्ञ या आजारात गरोदर न राहण्याचाच सल्ला देतात, आणि राहिल्यास लवकरात लवकर गर्भपाताचा पर्याय समोर ठेवतात. बाईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीने गरजेचा असेल, तर १९७१च्या कायद्यानुसार आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. हा निर्णय तिचा आहे. तो घेताना तिला खरे आकडे कुणीतरी बसून, तिच्या भाषेत सांगितलेले असले पाहिजेत.

आणखी एक दोष बीपीच्या आड लपतो. महाधमनी छातीत एका जागी जन्मतः चिमटलेली असते, त्यामुळे हातांत रक्तदाब जास्त आणि पायांत कमी. गरोदर बाईचा रक्तदाब वाढलेला दिसला की तो गरोदरपणाचाच म्हणून धरला जातो. पण गरोदरपणामुळे वाढणारा दाब विसाव्या आठवड्यानंतर वाढतो. त्याच्या आधीच, तरुण वयात तो जास्त असेल तर मनगटाची आणि जांघेतली नाडी एकदम धरून पाहावी. जांघेतली मंद किंवा मागून येत असेल, तर दोष हाताला लागला. याला बोटांपलीकडे काही लागत नाही.

मग घरच्यांनी कशाकडे बघायचं? नुसत्या दमाकडे नाही, त्याच्या तऱ्हेकडे. सपाट झोपल्यावर दम लागतो आणि उश्या एकावर एक चढत जातात. मध्यरात्री गुदमरून उठून बसावं लागतं. शांत बसलेलं असतानाही नाडी शंभराच्या वर राहते. काम करताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध जाते. खोकल्यातून रक्त पडतं, छातीत दुखतं, ओठ निळसर दिसतात. यांतलं एक जरी असलं तरी “या दिवसांत असं व्हायचंच” हे उत्तर पुरेसं नाही. टू-डी इको ही तपासणी सोनोग्राफीसारखीच ध्वनिलहरींची आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही, पोटातल्या बाळाला तिचा त्रास नाही. सरकारी केंद्रांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी होते. आशाताईंना ती तारीख पाठ असते. त्या दिवशी दमाची गोष्ट आपणहून बोलावी, कुणी विचारायची वाट पाहू नये.

दोष कळला की घरात पहिली मागणी होते ती सिझरची. “उगाच त्रास नको, सरळ सिझर करा.” मागणी प्रेमापोटीच असते, पण बहुतेक हृदयदोषांत नैसर्गिक प्रसूतीच जास्त सुरक्षित ठरते: रक्त कमी जातं, गुठळ्या आणि जंतुसंसर्ग कमी होतात. पाठीत बारीक नळी घालून कळांची वेदना कमी करतात, तिला कुशीवर झोपवतात, शेवटी जोर लावायची वेळ आली की चिमट्याची किंवा व्हॅक्यूमची मदत घेतात, गर्भाशय आवळायचं औषध एकदम न देता सावकाश देतात. यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ तिघांनी आधी एकत्र बसून ठरवलेलं असावं लागतं. म्हणून वेळेआधी मोठ्या रुग्णालयात नाव घालणं महत्त्वाचं. कळा सुरू झाल्यावर रात्री गाडी शोधत निघणं या बाईला परवडत नाही.

एक गोष्ट लिहिताना जड जाते. काही वेळा दोष “न सापडलेला” नसतोच, तो लपवलेला असतो. मुलीच्या हृदयात छिद्र आहे असं कळलं तर स्थळं परत जातील, या भीतीने आई-वडील कागद ट्रंकेच्या तळाशी ठेवतात. कधी शस्त्रक्रिया झालेली असते आणि छातीवरची खूण भाजल्याची म्हणून सांगितली जाते. त्या भीतीला मी हसणार नाही, ती खऱ्या अनुभवातून आलेली आहे. पण वेळेवर बंद केलेल्या एएसडीनंतर बाळंतपणाचा धोका इतर बायकांइतकाच येऊन ठेपतो. हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने उघड्या हृदयावर झालेली जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया याच दोषाची होती: ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीचं छिद्र शिवलं, तेव्हा सव्वीस मिनिटं तिचं सगळं काम त्या यंत्राने सांभाळलं होतं. आज जागा योग्य असेल तर छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन ते बंद करता येतं. सासरी कळलं म्हणून काय होईल ते होवो. प्रसूतीच्या टेबलावरच्या डॉक्टरला तरी ते कळायलाच हवं.

आणि तिच्या पोटातलं दुसरं हृदय? आईला जन्मजात दोष असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता शंभरात एकाऐवजी तीन ते पाच, काही दोषांत त्याहून थोडी जास्त. म्हणून अठरा ते बावीस आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा वेगळा इको सांगतात. आईला काहीही नसताना बाळाचा दोष निसटण्याचं कारण मात्र पुन्हा महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांच्यातली ती जन्मापूर्वीची वाट. प्राणवायू वारेतून मिळत असेपर्यंत गंभीर दोषाचं बाळही पोटात छान वाढतं. जन्मल्यावर वाट मिटायला एक ते तीन दिवस लागतात, आणि तोवर बाळ घरी गेलेलं असू शकतं. कोविडने घराघरात आणलेलं ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं ऑक्सिमीटर इथे उपयोगी पडतं, फक्त नवजात बाळाचं वेगळं मिळतं. चोवीस तासांनंतर बाळाचा उजवा हात आणि एक पाय मोजायचा. आकडा पंचाण्णवच्या खाली राहिला किंवा हात-पायांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर घरी सोडण्याआधी पुन्हा मोजून इको करायचा. बारशाआधी, डिस्चार्जच्या वेळीच, हे झालं का असं विचारावं.

आईचं हृदय पूर्वपदावर यायला सहा आठवडे लागतात. आपला सव्वा महिना जवळपास तोच. त्या काळात तिला अंघोळ, शेक, डिंकाचे लाडू, अळीव मिळतात. मग दीड महिन्याची लस टोचायला बाळाला घेऊन ती बाहेर पडते, आणि बाळाच्या कार्डावर पुढची तारीख लिहिली जाते. तिचा पुन्हा करायचा इको, छिद्र कधी बंद करायचं ते ठरवणं, दुसऱ्या खेपेच्या आधी किती थांबायचं आणि तोवर पाळणा लांबवायला काय वापरायचं (इस्ट्रोजेनच्या गोळ्या रक्ताच्या गुठळ्या वाढवतात, त्या तिला चालतीलच असं नाही), यांतलं काहीच त्या कार्डावर नसतं. दम आता कमी झालेला असतो, म्हणून घरात विषयही संपलेला असतो. बाळाला घेऊन जी गाडी लसीला निघते, तिच्यातच तिची फाइलही ठेवावी, आणि बाळाचं इंजेक्शन झालं की त्याच फेरीत हृदयतज्ज्ञांच्या ओपीडीत तिच्या नावाचा केसपेपर काढावा.